वडीलधाऱ्यांचा प्रवास

इंदूर शहरातील एखाद्या जुन्या मराठी घराच्या माळ्यावर चढून पाहिले, तर तेथे धुळीत पडलेल्या काही वस्तू हमखास सापडतात. चामडी पट्ट्यांची वळकटी, फिरकीचा तांब्या, पितळेचा पुडाचा डबा आणि कड्या गंजलेली एक लोखंडी ट्रंक. आमच्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांनी फिरकीचा तांब्या पाहिला असेल, परंतु त्यातले पाणी गाडीत बसून प्यालेले थोडेच निघतील. हे सामान ज्यांचे आहे ती माणसे मात्र घरातच आहेत. ती आपली आजी व आजोबा होत. त्यांचा प्रवास थांबला आहे असेही नाही. ती पुण्यास मुलाकडे जातात, बंगळुरूस लेकीकडे जातात, डॉक्टरांकडे जातात. फरक एवढाच की पूर्वी ती जात असत, आता बहुधा त्यांना नेले जाते. या दोहोंतील अंतर किती मोठे आहे आणि वृद्धांच्या प्रकृतीशी व घरच्या सुखाशी त्याचा काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय थोड्या लोकांचा आहे असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत भारतातील ६० वर्षे व त्यावरील माणसांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरली होती.

आपल्याकडे म्हातारपण व प्रवास यांचे नाते फार जुने आहे. संसाराची जबाबदारी मुलांवर सोपवावी आणि मग यात्रेस निघावे, हा क्रम कित्येक पिढ्यांनी पाळला. आगगाडी नव्हती तेव्हा काशीस निघालेला मनुष्य परत येईलच असा भरवसा नसे. म्हणून देणीघेणी मिटवून, सर्वांचा निरोप घेऊन तो निघे, आणि सुखरूप परतला म्हणजे घरी मावंदे होई. मावंद्याचे जेवण हे केवळ धार्मिक कृत्य नव्हते. गेलेला माणूस परत आपल्यांत आला, त्याने काय पाहिले ते सर्वांनी बसून ऐकावे, असा त्यात एक घरगुती आनंद होता. ज्या वयात माणसाजवळ सांगण्यासारखे नवे काही उरत नाही असे आपण मानतो, त्याच वयात त्याला नव्या गोष्टी सांगण्याचा मान मिळे.

ज्यांना जाणे शक्य नसे त्यांच्यासाठी दुसरे कोणी जाई. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांनी योजिलेल्या यज्ञाची वार्ता ऐकून, द्रव्यप्राप्तीच्या आशेने. वाटेत बंडाच्या धामधुमीत ते सापडले आणि त्यांचे फार हाल झाले. तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी घरापर्यंत पोचविली. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे, कारण त्यात ग्वाल्हेर आहे, झाशी आहे आणि आपला माळवाही आहे.

इंदूरकरांस तर या बाबतीत विशेष अभिमान वाटावा. देवी अहिल्याबाई होळकर (१७२५ ते १७९५) यांनी काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्री देवळे, घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. त्यांची देवालये सर्वांस ठाऊक असतात, धर्मशाळांचा उल्लेख मात्र सहसा एका शब्दात आटोपतो. आमच्या मते त्या धर्मशाळा व विहिरी अधिक विचार करण्याजोग्या आहेत. वाटेने जाणाऱ्या थकल्या देहास काय लागते? सावली, स्वच्छ पाणी, पाठ टेकण्यास जागा आणि चढउतारास सोयीच्या पायऱ्या. आज एखाद्या वृद्धास घेऊन निघताना आपण ज्या चार गोष्टींची चौकशी करावी, त्या याच होत.

पुढे रेल्वे आली. १८७० साली महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा ते इंदूर या मार्गासाठी इंग्रज सरकारास १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. या छोट्या रुळांच्या गाडीने इंदूरच्या म्हाताऱ्या माणसांना ओंकारेश्वर जवळ आणून दिले. महू सोडले की पाताळपाणीचा धबधबा, मग बोगदे व घाट, कालाकुंडला पानांच्या द्रोणात मिळणारा कलाकंद, पुढे चोरल, बडवाह, आणि नर्मदेचा पूल ओलांडला की ओंकारेश्वर रोड. गाडी हळू चालत असे, हाच तिचा मोठा गुण. चढण्या-उतरण्यास वेळ मिळे, डब्यात ओळखी होत, आणि दोन विधवा जावा कोणाही पुरुषाच्या सोबतीवाचून देवदर्शन करून परत येऊ शकत. रुंद रुळांच्या कामासाठी महूपुढील हा मार्ग २०२३ साली बंद करण्यात आला. ते काम आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. परंतु तेव्हापासून ओंकारेश्वरास जाणे म्हणजे सिमरोलवरून घाटरस्त्याने मोटारीत जाणे, आणि मोटार म्हटली की ती चालविणारा मुलगा किंवा नातू मोकळा असावा लागतो. आजीचा प्रवास अशा रीतीने दुसऱ्याच्या सुट्टीवर अवलंबून राहिला.

आता देहाकडे वळू. वृद्ध माणसे प्रवासात दमतात ती केवळ ‘वय झाले’ म्हणून, असे सांगून आपण मोकळे होतो. वास्तविक त्यामागे निरनिराळी कारणे असतात, आणि ती समजली तर पुष्कळ त्रास टाळता येतो.

पहिली गोष्ट तहानेची. शरीरातील पाणी कमी झाले म्हणजे तहान लागते. पण वय वाढते तशी ही सूचना मंद होते. शरीरास पाणी हवे असते आणि मनुष्यास तहान वाटत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही कमी झालेली असते. त्यात प्रवासाचे एक खास कारण भर घालते, आणि त्याविषयी घरात कोणी उघड बोलत नाही. ते कारण म्हणजे लघुशंकेची भीती. हलत्या गाडीत ओल्या फरशीवरून जावे लागेल, बस मध्येच थांबणार नाही, चालकास थांबवा म्हणण्याचा संकोच वाटेल, वाटेतील जागा स्वच्छ नसेल. म्हणून आजी निघण्यापूर्वीपासूनच पाणी पिणे सोडते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी असेल तर ती गुपचूप पदरास बांधून ठेवते. विचारले तर ‘मला तहानच नाही’ म्हणते, आणि तिचे म्हणणे खोटेही नसते! परिणाम मात्र सायंकाळी दिसतो. डोके दुखते, उभे राहताच घेरी येते, कधी बोलण्यात गोंधळ होतो. घरची मंडळी म्हणतात, ‘प्रवास सोसला नाही.’ प्रवास सोसला असता. पाणी मिळाले नाही. दर दीड-दोन तासांनी चांगल्या जागी थांबण्याचे आधीच ठरवावे, आणि ते आजीच्या नावाने जाहीर न करता ‘आपण सगळेच जरा उतरू’ असे म्हणावे. ही युक्ती साधी आहे, पण आमच्या अनुभवाने ती कोणत्याही औषधापेक्षा अधिक उपयोगी पडते. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितलेले असते, त्यांनी अर्थातच तो नियम मोडू नये.

दुसरी गोष्ट पायांची. पायांतील रक्त वर हृदयाकडे चढविण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना ते आकसतात व सैल होतात, आणि शिरांतील रक्त वर ढकलले जाते. पाय लोंबते ठेवून तासन् तास बसले की हा पंप बंद पडतो, घोट्यांस सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ४ तास किंवा अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो. मुळात तो संभव अल्प असतो, म्हणून भिण्याचे कारण नाही. बसल्या जागी टाचा उचलाव्यात, पावले वरखाली हलवावीत, आणि गाडी थांबली की चार पावले चालावे. मात्र एकाच पायास सूज येऊन पोटरी दुखू लागली, किंवा एकाएकी धाप लागली, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

डोळ्यांविषयी एक गोष्ट तरुणांच्या लक्षात येत नाही. वयाबरोबर बाहुली लहान होते व भिंग पिवळसर पडते. त्यामुळे साठीच्या माणसाच्या डोळ्यांत आतील पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या माणसाच्या सुमारे एक-तृतीयांशच असतो. आपल्याला जो मंद उजेड पुरेसा वाटतो, तो आजोबांना अंधार असतो. परक्या घरी मध्यरात्री उठून ते भिंतीला हात लावीत चालतात, त्याचे कारण हेच. लेकीकडे नवीन सदनिकेत गेल्या रात्रीच न्हाणीघराकडे जाताना पडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. वाटेत एक लहान दिवा रात्रभर जळत ठेवला असता तर त्यांतील किती टळल्या असत्या! विजेरीही उशाशी असावी.

हिमालयाच्या यात्रेविषयी थोडक्यात सांगतो. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते. माणूस चालत गेला तर देहास उंचीची सवय होण्यास थोडा अवसर मिळतो, हेलिकॉप्टरने काही मिनिटांत पोचला तर तो मिळत नाही. म्हणून पाय वाचले एवढ्यावरून धोका टळला असे मानू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी तपासणी केल्यावाचून निघू नये आणि वाटेत एक-दोन मुक्काम वाढवावेत.

आता तिकिटाची एक बाब, कारण पुष्कळ घरांत येथेच चूक होते. रेल्वेत ६० वर्षे व त्यावरील पुरुषांसाठी आणि ४५ वर्षे व त्यावरील स्त्रियांसाठी खालच्या शायिकांचा एक राखीव भाग असतो. परंतु तो एकट्या प्रवाशास किंवा एका तिकिटावर असे दोघे असतील तर मिळतो. आपण हौसेने घरातील सहा जणांचे तिकीट एकत्र काढतो आणि आजोबांच्या वाट्यास वरची शायिका येते. मग रात्री शिडीपाशी उभे राहून परक्या माणसाची मनधरणी करावी लागते. त्या दोघांचे तिकीट निराळे काढावे. भाड्यातील सवलत पूर्वी साठीच्या पुरुषांस ४० टक्के व ५८ वर्षांवरील स्त्रियांस ५० टक्के होती. ती २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या काळात स्थगित झाली. आपल्या मध्य प्रदेश शासनाने २०१२ च्या सप्टेंबरात तीर्थदर्शन योजना सुरू केली आणि पहिली गाडी रामेश्वरास गेली. ६० वर्षांवरील, आयकर न भरणाऱ्या यात्रेकरूंसाठी ती योजिलेली होती. त्या गाड्यांतून जाऊन आलेल्या वृद्धांशी आम्ही बोललो आहोत. देवळाविषयी ते थोडे बोलतात, डब्यातील सोबत्यांविषयी फार बोलतात.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. वृद्धांचा आजचा नित्याचा प्रवास हा मुलांच्या घरांमधला आहे. चार महिने इंदुरास, चार पुण्यास, चार आणखी कोठे. यात प्रेम नाही असे कोण म्हणेल? परंतु या प्रवासाचा दिवस बहुधा दुसराच कोणी ठरवितो. सुनेचे बाळंतपण, नातवाची परीक्षा, घर सांभाळण्यास कोणी नसणे, यावर तो ठरतो. आजोबांचे रामबागेतील सोबती, आजीचे भजनी मंडळ, ठरलेला वाणी व ठरलेला बाक इकडे राहतात. चौदाव्या मजल्यावर दिवसभर बसून खाली मोटारी मोजीत राहणे हा प्रवास म्हणावयाचा झाला तरी त्याने विश्रांती मिळत नाही. उलट चार पावलांचा, पण स्वतः ठरविलेला प्रवास माणसास ताजे करतो. कारण त्यासाठी त्याला तारीख पाहावी लागते, सामान आठवावे लागते, पैसे मोजावे लागतात, परक्या माणसास वाट विचारावी लागते. बुद्धी व स्नायू दोन्ही वापरात राहतात. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील माणसांसही आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचविते. यात्रेची तयारी म्हणून महिनाभर रोज सकाळी चालणारा मनुष्य हे आपोआप करीत असतो, आणि ‘प्रकृतीसाठी चाला’ म्हटले की तोच दाराबाहेर पडत नाही.

हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. घरी चूक करून कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींनी कार्तिकात ओंकारेश्वरास जाण्याचे मनात आणले. त्या वेळी त्यांस ७६ वे वर्ष होते आणि गुडघे धरलेले होते. आम्ही भावंडांनी आपसांत विचार केला. गर्दी, पायऱ्या, घाटाचा रस्ता! आणि जाणे रहित केले. त्यांस विचारले नाही, सांगितले. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि काढून ठेवलेले लुगडे पुन्हा ट्रंकेत घातले. भांडण झाले नाही, म्हणून आम्हांस वाटले की पटले. पुढे पंधरा दिवसांत त्यांचे देवळात जाणे थांबले. मग शेजारच्या काकूंकडे जाणेही थांबले. कोणी विचारले तर म्हणत, ‘कशाला? उगाच पडले-बिडले तर तुम्हांला त्रास.’ आमचीच भाषा त्या आम्हांस परत देत होत्या. डिसेंबरपर्यंत गुडघे पूर्वीपेक्षा अधिक धरले, कारण चालणेच उरले नव्हते.

माघात आम्ही शहाणे झालो. या वेळी बेत त्यांनीच केला. आम्ही फक्त विचारले आणि लिहून घेतले. सोमवार नको, गर्दी असते. पहाटे निघावयाचे. दशम्या दुधात भिजवायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. चटणी सुकी घ्यायची. सिमरोलच्या पुढे एकदा आणि बडवाहला एकदा उतरावयाचे ठरले, आणि आम्ही सर्वच उतरलो. घाटात त्यांनी खिडकीतून जुन्या रुळांकडे पाहून, पूर्वी वडिलांबरोबर येत असू तेव्हा बोगद्यात शिरताना डब्यातली सगळी मुले कशी ओरडत, ते सांगितले. ही गोष्ट आम्ही पन्नास वर्षांत प्रथमच ऐकली.

ओंकारेश्वरास पोचल्यावर आम्ही डोलीची चौकशी करू लागलो, तोच त्या म्हणाल्या की त्यांना पलीकडे मांधाता बेटावर देवळात जावयाचेच नव्हते! अलीकडच्या तीरावर ममलेश्वराचे दर्शन बाहेरून घेतले, काठीच्या आधाराने दहा-बारा पायऱ्या उतरल्या आणि पाण्यात पाय सोडून पाऊण तास बसल्या. ज्या पायऱ्यांच्या धास्तीने आम्ही कार्तिकात नको म्हटले, त्या पायऱ्या त्यांच्या बेतात मुळी नव्हत्याच. आम्ही एकदा विचारले असते, तर ते एका वाक्यात समजले असते.

परत येताना त्या गाडीत झोपल्या नाहीत. राजवाड्यापाशी दिवे लागले होते. घरी आल्यावर शेजारच्या काकू वाट पाहत ओट्यावर बसल्या होत्या. दोघी रात्री दहापर्यंत बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही फिरकीचा तांब्या घासून पुन्हा माळ्यावर ठेवण्यास निघालो, तेव्हा मातोश्रींनी तो हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघरातील खालच्या फळीवर ठेविला. वैशाखात महेश्वरास जावयाचे आहे, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि काकूंसही विचारून झाले होते.